ग्रेडिंग कंपनी बदलताना नाण्याची पेडिग्री कुठे हरवते

एनजीसी आणि पीसीजीएस या नाण्यांची प्रत, म्हणजे ग्रेड, ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्या; त्या नाणं लेबलासकट सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून देतात. एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं पीसीजीएसच्या स्लॅबमध्ये न्यायचं, म्हणजे क्रॉसओव्हर करायचा, तर ग्रेड घसरेल का याचीच बहुतेकांना धास्ती असते. लेबलावरचं ‘एलियासबर्ग’ किंवा ‘नॉर्वेब’ असं जुन्या नामवंत मालकाचं नाव, म्हणजेच नाण्याची पेडिग्री (मालकीची साखळी), नव्या लेबलावर येईल असं गृहीत धरलेलं असतं, आणि ते आलं नाही हे पार्सल उघडल्यावर कळतं. अमेरिकेच्या नाणेबाजारात मालकांची नावं आधी आली आणि ग्रेडची लेबलं फार उशिरा आली. घोळाचं मूळ तिथे आहे.

फिलाडेल्फियाच्या जोसेफ मिकलीचा संग्रह १८६७ साली लिलावात विकला गेला, तेव्हापासून मोठ्या संग्रहाचं नाव त्यातल्या नाण्याला चिकटू लागलं. शिकागोचा बिअर कारखानदार व्हर्जिल ब्रँड १९२६ साली वारला तेव्हा त्याच्याकडे साडेतीन लाखांवर नाणी होती, आणि खरेदीच्या नोंदी त्याने वह्यांत क्रमांक घालून ठेवल्या होत्या. त्या वह्या आज न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीत आहेत. मालकीची साखळी या काळात वह्यांत, कागदी पाकिटांवर आणि लिलावाच्या कॅटलॉगांत राहत होती.

बाल्टिमोरच्या लुई एलियासबर्गने १९४२ साली जॉन क्लॅपचा संग्रह एक लाख डॉलरला घेतला. क्लॅपच्या वडिलांनी १८९० च्या दशकात बरीच नाणी थेट टांकसाळींकडूनच मागवली होती. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या एखाद्या बार्बर क्वार्टरची (पाव डॉलरच्या नाण्याची) साखळी टांकसाळ, थोरला क्लॅप, जॉन क्लॅप, एलियासबर्ग अशी पहिल्या दिवसापासून सलग मिळू शकते. असं नशीब फार थोड्या नाण्यांचं. एलियासबर्गची सोन्याची नाणी १९८२ साली विकली गेली, पण कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर त्याचं नावच नव्हतं. बाकीची अमेरिकन नाणी १९९६ आणि १९९७ साली गेली. ही नाणी लिलावात सुटीच विकली गेली, सोबत लॉट नंबरची चिठ्ठी. स्लॅब नंतर चढले, आणि घेणाऱ्याने चिठ्ठी जपली नसेल तर नाव तिथेच गळालं.

तोवर ग्रेडिंगचा धंदा उभा राहिला होता. अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने १९७२ साली एएनएसीएस ही सेवा काढली, ती आधी फक्त खरंखोटं तपासायची. १९७९ पासून ती नाण्याचा फोटो असलेल्या प्रमाणपत्रावर ग्रेडही देऊ लागली. पेडिग्रीच्या दृष्टीने ते फोटोचं प्रमाणपत्र पुढच्या लेबलापेक्षा सरस होतं, पण ते नाण्यापासून वेगळं पडायचं. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसीने नाणं आणि लेबल एकाच प्लास्टिकमध्ये सीलबंद केलं. हा प्रश्न सुटला, पण लेबलावर जागा इतकी थोडी की चार मालकांच्या साखळीतलं एकच गाजलेलं नाव उरलं. आता तर नुकत्याच जमवलेल्या रजिस्ट्री सेटचं (कंपनीच्या यादीत स्पर्धेसाठी नोंदवलेल्या संचाचं) हौशी नावही त्याच जागी, त्याच टायपात छापलेलं दिसतं. दोन्हींचं वजन सारखं नाही, हे लेबल सांगत नाही.

मग क्रॅकआउटचं पेव फुटलं. एमएस ६४ आणि एमएस ६५ या न वापरलेल्या नाण्यांच्या लागोपाठच्या ग्रेड; त्यांच्या किमतीत कधी कधी कित्येक पटींचा फरक असतो, म्हणून लोक स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पुन्हा पाठवतात. दर वेळी नवा सर्टिफिकेट नंबर मिळतो. जुनं लेबल कंपनीला परत गेलं नाही तर पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या ग्रेडची किती नाणी आली याच्या कंपनीच्या यादीत) एकाच नाण्याची दोन-तीन नाणी होतात. सुट्या नाण्यासोबत जुनं नाव जात नाही. त्यामुळे पेडिग्री असलेलं नाणं घरी फोडू नये, स्लॅबसकट क्रॉसओव्हरलाच पाठवावं. ठरवलेली किमान ग्रेड मिळाली नाही तर ते जुन्या स्लॅबमध्ये तसंच परत येतं. तपासणीची फी मात्र लागते.

पाठवण्याआधी जुन्या स्लॅबच्या दोन्ही बाजूंचे लेबलासकट फोटो घ्यावेत. शिवाय प्रत्येक बाजू थोडी तिरपी करून आणखी एक फोटो घ्यावा: प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्याच्या चित्रावरून सरकतो, नाण्यावरचा सरकत नाही. जुन्या नंबरचं व्हेरिफिकेशन पान चित्रांसह उतरवून ठेवावं. लिलावगृहांच्या जुन्या नोंदींत नाणं त्याच नंबरच्या स्लॅबसकट दिसतं, म्हणून आजवरचे सगळे नंबर क्रमाने लिहून ठेवलेले बरे. फॉर्मवर किमान ग्रेड स्पष्ट लिहावी आणि पेडिग्री हवी असल्याची वेगळी नोंद करावी, लेबलावर हवा तो मजकूर अक्षरशः देऊन. सोबत लिलावाचं बिल, लॉटची चिठ्ठी आणि कॅटलॉगच्या पानाची प्रत जोडावी. मूळ कागद पाठवू नयेत.

कॅटलॉगच्या पानावरचं चित्र आणि हातातलं नाणं जुळवणं, म्हणजे प्लेट मॅचिंग, हे यातलं सगळ्यात कष्टाचं काम. नवखे साच्यावरच्या तड्यांवर भिस्त ठेवतात, पण तो तडा त्या साच्यातून त्या अवस्थेत पडलेल्या प्रत्येक नाण्यावर असतो. जुळवायच्या त्या फक्त या नाण्याला लागलेल्या खुणा: गालावरचा टोचा, मोकळ्या जागेतली रेघ, काठावरचा ठोका, पत्र्याचा सुटलेला पापुद्रा. जुन्या कॅटलॉगांतले कित्येक फोटो नाण्याचे नसून प्लास्टरच्या ठशांचे आहेत. त्यांत रंगछटा येत नाही, म्हणून टोनिंग जुळत नाही एवढ्यावरून नाणं नाकारू नये. असे कॅटलॉग मोठ्या संख्येने सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर फुकट पाहायला मिळतात. नावांतही फसगत होते. लेबलावर नुसतं ‘क्लॅप’ असेल तर तो एलियासबर्गला संग्रह गेला तो जॉन क्लॅप, की ‘मोठे सेंट’ (अमेरिकेची जुनी, आकाराने मोठी तांब्याची नाणी) अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीला देणगी देणारा जॉर्ज क्लॅप, हे तपासावं लागतं.

या जॉर्ज क्लॅपच्या सेंटांनीच एक मोठी चोरी उघड केली. ज्या ७० गुणांच्या मापावर आज सगळे स्लॅब चालतात, ते विल्यम शेल्डन याने १९४९ साली मोठ्या सेंटांसाठी मांडलं. त्याच शेल्डनने सोसायटीतले क्लॅपचे चांगले सेंट काढून त्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर हे सिद्ध झालं, आणि पुढे विकल्या गेलेल्या नाण्यांच्या मालकीवरून कोर्टकचेरी झाली.

उलट कागदच खोटे असतील तर स्लॅब वाचवत नाही. ब्रूटसचं ‘आयडीज ऑफ मार्च’ सुवर्णनाणं ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात शुल्कासह ३२ लाख ४० हजार पौंडांना गेलं. ते एनजीसीच्या स्लॅबमध्ये होतं. मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी ते ग्रीसला परत केलं.

आपल्याकडे हा विषय कायद्याच्या वाटेने येतो. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पुण्यातल्या संग्राहकाने शिवराई एनजीसीकडे फ्लोरिडाला ग्रेडिंगसाठी कुरिअर करणं हा गुन्हा आहे, फक्त तपासून परत येणार असली तरी. परदेशात राहणाऱ्याने तिथल्या लिलावातून जुनं भारतीय नाणं घेतलं असेल, तर ते आधीपासून भारताबाहेर होतं हे दाखवणारं बिल आणि कॅटलॉगचं पान त्याने स्लॅबच्या नंबरासोबत एकाच फाइलमध्ये ठेवावं, आणि नाणं विकताना ती फाइल घेणाऱ्याच्या हाती द्यावी.