समीकरणातून निसटलेला काळ

अणूंच्या सूक्ष्म जगाचे नियम सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांतात कणाची जागा, वेग, ऊर्जा या मोजायच्या गोष्टी. वेळ मात्र बाहेरच्या घड्याळावरून घ्यायची, ती आधीच गृहीत धरलेली. आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षतेत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, असे सगळ्यांचे सामाईक घड्याळ नाही. मोठ्या वस्तुमानाजवळ घड्याळ सावकाश चालते. दोन्ही सिद्धांत जोडायचे, तर घड्याळ कुणाचे धरायचे?

१९६०च्या दशकात या प्रश्नावर विचार करणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांना अमेरिकेतल्या रॅली-डरहॅम विमानतळावर पुढच्या विमानासाठी थांबायचे होते. त्यांनी जवळच्या चॅपल हिलहून दुसरे भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डीविट यांना तिथेच बोलावून घेतले. त्या बोलण्यातून पुढे आलेले समीकरण १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. साऱ्या विश्वाची क्वांटम अवस्था मांडणाऱ्या त्या समीकरणात काळ कुठेच नव्हता. विश्व स्थिर, आणि आपल्याला तर क्षणोक्षणी बदल दिसतो!

यातून वाट काढायला एन्टँगलमेंट कामी आले. दोन कणांची अवस्था मिळून एकच असते, सुटी सुटी सांगता येत नाही, या गुणधर्माला हे नाव श्रोडिंगर यांनी १९३५ मध्ये दिले होते. १९८३ मध्ये डॉन पेज आणि विल्यम वूटर्स यांनी तोच गुणधर्म काळाला लावला. विश्वाचे दोन भाग करा: एक घड्याळ, दुसरा उरलेले सगळे. दोन्ही एकमेकांत गुंतलेले. एकूण अवस्था हलत नाही. पण घड्याळात तीन वाजलेले असताना उरलेला भाग कसा आहे, चार वाजलेले असताना कसा, असे विचारले की उत्तरे बदलत जातात. आपण ज्याला काळ म्हणतो तो या नात्यातच आहे. मला ही कल्पना विसाव्या शतकातल्या सर्वांत धाडसी कल्पनांपैकी एक वाटते.

२०१३ मध्ये इटलीची प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या तुरीनच्या संस्थेत एकातेरिना मोरेवा, मार्को जेनोवेसे आणि सहकाऱ्यांनी गुंतलेल्या फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, जोडी क्वार्ट्झच्या चकत्यांतून सोडली. चकतीतून जाताना फोटॉनचे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, फिरते. जोडीतल्या एका फोटॉनचे हे फिरणे हेच घड्याळ. त्या घड्याळावर नजर ठेवली की दुसरा फोटॉन बदलताना दिसे, जोडी एकत्र पाहिली की काहीच बदललेले नसे. 'काळ हा भास आहे हे सिद्ध झाले' असे मथळे तेव्हा आले, ते चूक होते. प्रयोगात गुरुत्वाकर्षण नव्हतेच. यंत्रणा कशी चालेल, एवढेच त्याने दाखवले.

पेज-वूटर्स यांच्या कल्पनेवरचा जुना आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ कारेल कुखार्श यांचा होता: एकापाठोपाठ दोन मोजमापे घेतली की तिचे गणित चुकते. २०१५ मध्ये जिओव्हानेत्ती, लॉइड आणि माक्कोने यांनी मोजणारे उपकरणही त्याच गुंतलेल्या अवस्थेत धरले, आणि उत्तरे नेहमीच्या क्वांटम सिद्धांताशी जुळली.