वादळी वाऱ्यात घराचे पत्रे उडाले, तर सरकारी मदत कशी मिळते? (ठाणे ग्रामीण)

एप्रिल-मेमध्ये मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे दुपारनंतर ढग दाटतात आणि पावसाच्या आधी वारा सुटतो. गडगडाटी ढगातली थंड हवा वेगाने खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि सरळ रेषेत पसरते. म्हणूनच झाडं, विजेचे खांब बहुतेक एकाच बाजूला आडवे झालेले दिसतात. 13 मे 2024 ला घाटकोपरचं होर्डिंग पडलं, तेही अशाच वाऱ्यात.

नुकसान झालं की लोक आधी विचारतात, फॉर्म कुठे मिळतो? खरं तर इथे ठरावीक फॉर्म नसतो, मदत पंचनाम्यावर ठरते. तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) त्याच दिवशी कळवा आणि तहसीलदारांच्या नावे साधा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. फोन लागत नसेल तर जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077. पत्रे गोळा करण्याआधी, झाड तोडण्याआधी फोटो काढा. पाऊस तोंडावर असताना छप्पर उघडं ठेवा असं कोणी म्हणणार नाही, पण दोन मिनिटं फोटोंना द्याच.

पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी वाचून घ्या. पहिली, नुकसानीचं कारण. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आणि गारपीट आहे, नुसता वादळी वारा वेगळा धरलेला नाही. अवेळी पाऊस आणि वीज पडणं राज्याने आपल्या यादीत घेतलं आहे. वाऱ्यासोबत पाऊस किंवा गारा पडल्या असतील, तर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरी, नुकसानीची टक्केवारी. अंशतः पडझडीत किमान 15 टक्के नुकसान लागतं, त्यामुळे कोपऱ्यातले दोन पत्रे उडाले तर सहसा काही हाती येत नाही.

2022-23 ते 2025-26 साठी केंद्राने ठरवलेले दर असे: घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1,20,000 रुपये, डोंगराळ भागात 1,30,000. अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी 6,500, कच्च्यासाठी 4,000. झोपडीला 8,000, घराला लागून असलेल्या गोठ्याला 3,000. साडेसहा हजारांत आज छप्पर होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दुभती गाय-म्हैस दगावली तर 37,500 रुपये. त्यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणून जनावर पुरण्याची घाई नको. माणूस गेला तर वारसांना 4 लाख. शवविच्छेदन अहवाल, पोलीस पंचनामा आणि वारसांचे कागद लागतात. पिकासाठी किमान 33 टक्के नुकसान हवं. केंद्राचा दर कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, आंब्यासारख्या बहुवार्षिक पिकाला 22,500, दोन हेक्टरपर्यंत. राज्य सरकार अधूनमधून वेगळा निर्णय काढून यात वाढ करतं, तेव्हा ताजा शासन निर्णय तलाठ्याला विचारा.

कागदांत आधार, बँक पासबुक, फोटो हे आलंच. घोळ होतो तो आठ नंबरचा. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टीचा उतारा लागतो. तलाठ्याकडचा 8-अ हा जमिनीचा. पिकासाठी सातबारा आणि 8-अ, शिवाय ई-पीक पाहणीत पिकाची नोंद झालेली असावी. घर अधिकृत असावं अशीही अट आहे, म्हणून शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमध्ये घरपट्टी नसलेल्यांची अडचण होते. वनहक्काचा दावा मंजूर असेल तर ते कागद पंचनाम्यालाच जोडा, नंतर देतो म्हणू नका.

बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण रक्कम थेट तिथेच येते. पिकाच्या यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) सांगितली असेल तर तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा. सातबारावर चार भावांची नावं असतील, तर पैसे कोणाच्या खात्यात जायचे याचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा. इतर कागद बरोबर असूनही मदत बऱ्याचदा इथेच अडकते.