युद्धकैद्यांच्या जबानीतून मिळालेली गुप्तवार्ता : कोरियन युद्ध (१९५०–५३)

पकडलेल्या किंवा शरण आलेल्या शत्रुसैनिकाकडून त्याच्या तुकडीची जागा, बळ, शस्त्रे, रसद आणि पुढचे बेत जाणून घेण्याच्या लष्करी कामाला युद्धकैद्यांची चौकशी म्हणतात. विसाव्या शतकातल्या जवळजवळ सगळ्याच युद्धांत हे काम झाले. तरीही एका माणसाच्या जबानीने काय साधते आणि ती वाया कशी जाते, हे दोन्ही पाहायचे असेल तर १९५० च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांतल्या कोरियाकडे वळावे.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर चढाई केली. ऑगस्टपर्यंत दक्षिण कोरियाचे आणि संयुक्त राष्ट्रांचे सैन्य बुसान बंदराभोवतीच्या आग्नेय कोपऱ्यात रेटले गेले होते. तेगू शहराच्या उत्तरेला ताबु-डोंग गावाकडून येणाऱ्या अरुंद दरीत उत्तर कोरियाची १३ वी डिव्हिजन (अनेक रेजिमेंटांचे मोठे दल) दबाव आणत होती. २२ ऑगस्टला तिच्या तोफखाना रेजिमेंटचा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल चोंग बोंग-उक, दक्षिण कोरियाच्या पहिल्या डिव्हिजनच्या ठाण्याकडे एकटाच चालत आला. एका हातात पांढरे निशाण होते आणि खांद्याला नकाशांची चामडी पिशवी. तोफांचा मारा ताबु-डोंगवर का होत नाही, म्हणून डिव्हिजनच्या कमांडरने त्याची कडक हजेरी घेतली होती. तोफा पुढे नेण्याची सोयच नव्हती. अपमान मात्र पदरी पडला, आणि त्याने बाजू सोडली.

त्याची माहिती मोघम नव्हती. ताबु-डोंगच्या उत्तरेला सुमारे ७ किलोमीटरवर, युहाक-सान डोंगरापलीकडच्या एका लहानशा खोऱ्यातल्या फळबागेत १२२ मिमीच्या ७ चालू हॉवित्झर (उंचावरून गोळा टाकणाऱ्या तोफा) आणि ७६ मिमीच्या १३ तोफा झाकून ठेवल्या आहेत, असे त्याने सांगितले. लगेच विमानांनी त्या बागेवर नापाम हा चिकटून पेटणारा दाह्य पदार्थ टाकला आणि अमेरिकन तोफखान्याने तीच जागा धरून मारा सुरू केला. जबानी आणि कारवाई यांत जवळपास अंतरच राहिले नाही. आघाडीवरच्या गुप्तवार्तेचे सारे मोल याच घाईत असते, कारण आज बागेत असलेली तोफ उद्या तिथे असेलच असे नाही.

म्हणूनच चौकशीचे टप्पे पाडलेले असत. कैदी कुठे, कधी आणि कुणी पकडला याची चिठ्ठी त्याच्या अंगावर लावत. खिशातले कागद, वही, पत्रे काढून वेगळी ठेवत. बटालियन किंवा रेजिमेंटच्या पातळीवर मोजकेच प्रश्न विचारत: तुकडी कोणती, माणसे किती उरली, तोफा कुठे, दारूगोळा किती, पोटभर जेवण शेवटचे कधी मिळाले. हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो. पण शत्रूची रसद कुठवर पोचते, हे अनेकदा त्याच्याच उत्तरातून कळे. रचना, भरती, प्रशिक्षण, रशियन मदत असे खोलातले विषय मागच्या छावण्यांत निघत. तिथे दुसऱ्या महायुद्धात जपानविरुद्ध उभ्या केलेल्या दोस्तांच्या भाषांतर व दुभाषी विभागाची माणसे बसलेली असत.

ही भाषेची बाजू वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. अमेरिकन लष्कराकडे कोरियन जाणणारी माणसे फारच थोडी होती. मात्र कोरिया १९१० ते १९४५ जपानच्या ताब्यात होता आणि त्या काळात शाळेत गेलेल्यांना जपानी येत असे. त्यामुळे अनेक चौकशा जपानीत झाल्या. प्रश्न विचारणारे पुष्कळदा जपानी वंशाचे अमेरिकन असत. महायुद्धाच्या काळात यांतल्या कित्येकांची कुटुंबे अमेरिकेतच काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडलेली होती. ज्या भाषेपासून नुकतीच सुटका झाली, तिच्यातच कोरियन कैद्याने आपल्या सैन्याची माहिती द्यायची. जपानी न येणारा खेडूत समोर आला की कोरियनमधून जपानी आणि जपानीतून इंग्रजी असा दोन उड्यांचा प्रवास होई, आणि प्रत्येक उडीत काहीतरी सांडे.

कायद्याची चौकट अशी: १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या १७ व्या कलमानुसार कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे, बाकीचे काढून घेण्यासाठी शारीरिक किंवा मानसिक छळ करता येत नाही. जुलै १९५० मध्ये दोन्ही बाजूंनी जिनीव्हाची तत्त्वे पाळण्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात १७ ऑगस्टला वेग्वान (Waegwan) या गावाजवळच्या ३०३ क्रमांकाच्या टेकडीवर हात बांधलेल्या अमेरिकन कैद्यांना उत्तर कोरियन सैनिकांनी गोळ्या घातल्या, आणि दक्षिणेच्या बाजूनेही कैद्यांना निर्दयपणे वागवल्याच्या घटना घडल्या. कोरियातल्या सगळ्यांत उपयोगी ठरलेल्या दोन जबान्या मात्र आपल्या पायांनी चालत आलेल्या माणसांच्या होत्या. छळाचे समर्थन करणाऱ्यांना प्रस्तुत लेखकाचे हेच उत्तर आहे.

यांतली दुसरी जबानी वरिष्ठ कर्नल ली हाक-गु याची. तो त्याच १३ व्या डिव्हिजनचा चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे कमांडरच्या हाताखालचा मुख्य नियोजन अधिकारी होता. १५ सप्टेंबरला सोलजवळच्या इंचॉन बंदरात, शत्रूच्या पिछाडीला, संयुक्त राष्ट्रांचे सैन्य उतरले आणि दक्षिणेतली उत्तर कोरियन फळी ढासळू लागली. २१ सप्टेंबरच्या पहाटे ताबु-डोंगच्या दक्षिणेला, रस्त्याकडेला झोपलेल्या दोन अमेरिकन सैनिकांना त्याने हळूच हलवून जागे केले आणि शरण आला. संपूर्ण युद्धात हाती लागलेला तो सर्वांत वरच्या हुद्द्याचा उत्तर कोरियन कैदी. डिव्हिजनमध्ये जेमतेम दीड हजार माणसे उरली आहेत, त्यांतली ७० ते ८० टक्के दक्षिणेतून जबरदस्तीने भरलेली आहेत, ३०० ट्रकपैकी ३० शिल्लक आहेत आणि शिधा निम्म्यावर आला आहे, असे त्याने सांगितले. डिव्हिजनने आता कुठलीही फळी धरलेली नाही, वाचलेले सैनिक सांग्जूच्या दिशेने पळत आहेत, हेही त्याच्याच तोंडून कळले.

भरतीचा आकडा साधा नव्हे. ज्याला ‘शत्रू’ म्हणून पकडले, तो महिनाभरापूर्वी सोलच्या गल्लीत राहणारा तरुण असू शकत होता. अशा कैद्याला आपल्या रेजिमेंटचा क्रमांकसुद्धा नीट ठाऊक नसे. त्याचे अज्ञान हे लपवणे नव्हते. चौकशी करणाऱ्याला हा फरक ओळखता आला नाही, तर निष्पापाला लबाड ठरवले जाई. म्हणून एका जबानीवर विसंबून न राहता ती दुसऱ्या कैद्याशी, हाती लागलेल्या कागदांशी आणि हवाई छायाचित्रांशी ताडून पाहण्याचा दंडक होता.

पण ताडून पाहिलेली माहितीही वरच्यांच्या गळी उतरावी लागते. २५ ऑक्टोबर १९५० रोजी उनसानजवळ दक्षिण कोरियाच्या पहिल्या डिव्हिजनने एक सैनिक पकडला. त्याच्या अंगावर रुई भरलेला जाड गणवेश होता; एका बाजूने पिवळट, उलटा घातला तर बर्फात मिसळून जाणारा पांढरा. डिव्हिजनचे कमांडर पाइक सन-यप पूर्वी मांचुरियात जपानच्या आधिपत्याखालील सैन्यात होते, त्यामुळे त्यांना चिनी येत असे. त्यांनी स्वतः प्रश्न विचारले. हा कोरियन वंशाचा नाही, चीनचाच आहे, आणि उनसानच्या उत्तरेच्या डोंगरांत हजारोंनी चिनी सैनिक दडले आहेत, हे त्यातून निघाले. चारच दिवसांनी पूर्वेकडच्या आघाडीवर १६ चिनी सैनिक हाती लागले आणि चीनच्या १२४ व्या डिव्हिजनचे नाव कळले.

संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याच्या टोकियोतल्या मुख्यालयाला हे पटेना. उत्तर कोरियाच्या सैन्यात चीनच्या यादवी युद्धातून परतलेले हजारो कोरियन होतेच, त्यामुळे हे त्यांच्यातलेच किंवा थोडेफार स्वयंसेवक असावेत, असा समज धरला गेला. कैदी ‘५४ वे युनिट’, ‘५५ वे युनिट’ अशी नावे सांगत. ऐकणाऱ्यांनी त्या लहान तुकड्या मानल्या. प्रत्यक्षात ती अख्ख्या सैन्यदलांची सांकेतिक नावे होती. शिवाय चिनी सैन्यात राजकीय अधिकारी मोहिमेचा बेत साध्या शिपायालाही समजावून सांगत. शिपायाने मोठ्या हालचालींबद्दल बोलावे, याचाच अमेरिकन अधिकाऱ्यांना संशय येई: एवढे याला कसे माहीत? खरे बोलणारा कैदी पढवलेला वाटू लागला. नोव्हेंबरच्या अखेरीस टोकियोचा अंदाज जास्तीत जास्त ७० हजार चिनी सैनिकांचा होता. डोंगरांत सुमारे तीन लाख होते. २५ नोव्हेंबरच्या रात्री ते तुटून पडले आणि संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला अख्खा उत्तर कोरिया सोडावा लागला.

इंचॉननंतर कैद्यांचा लोंढा आला. ऑगस्टमध्ये हजाराच्या आत असलेली संख्या वर्षअखेरीस लाखापलीकडे गेली, आणि बहुतेकांना कोजे बेटावरच्या छावण्यांत हलवले. शरण आलेला ली हाक-गु तिथे साम्यवादी कैद्यांच्या पुढाऱ्यांत दिसतो. ७ मे १९५२ रोजी त्यांनी छावणीप्रमुख ब्रिगेडियर जनरल फ्रान्सिस डॉड यांनाच पकडून ओलीस ठेवले. तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली.

युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या सुमारे २३ हजार कैद्यांची राखण भारतीय संरक्षक दलाकडे आली. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात; या कैद्यांच्या परतीचा प्रश्न पाहणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद लेफ्टनंट जनरल थिमय्या यांच्याकडे होते. इथे कैद्याकडून तोफांचा पत्ता नको होता, परत जायचे की नाही एवढेच विचारायचे होते. ८८ जणांनी दोन्ही कोरिया आणि चीन नाकारून भारतीय दलाबरोबर भारताची वाट धरली. ली हाक-गु उत्तरेला परतला. चोंग बोंग-उक दक्षिण कोरियाच्या सैन्यात घेतला गेला आणि मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचला.