बोलून होणारे उपचार : पागलखाना चौकाच्या पलीकडचा इतिहास

नागपुरात छिंदवाडा रोडवरच्या एका चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. तिथलं मनोरुग्णालय १८६४ सालचं. १८५८ च्या कायद्याखाली देशात अशी ठिकाणं उभी राहिली ती मुख्यतः रुग्णाला समाजापासून दूर ठेवायला. मनाचं दुखणं म्हणजे ते फाटक, ही समजूत तेव्हापासूनची. समुपदेशनाचं नाव काढताच घरचे दचकतात, त्यामागे हीच जुनी भीती असते. बोलून होणाऱ्या उपचारांचा उगम मात्र कोंडवाड्यात झालेला नाही.

१८८० च्या डिसेंबरात व्हिएन्नातले डॉ. जोसेफ ब्रॉयर बर्था पापेनहाइम या तरुणीवर उपचार करू लागले. एखादं लक्षण कधी सुरू झालं ते ती तपशिलात सांगे, तेव्हा ते सौम्य होई. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ही हकीकत यशोगाथा म्हणून छापली. प्रत्यक्षात १८८२ मध्येच तिला सॅनेटोरियममध्ये दाखल करावं लागलं होतं. पायाच असा डळमळीत, म्हणून या उपचारांवरची पुढची भांडणं आवश्यक होती. भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात मनोविश्लेषणाची, म्हणजे फ्रॉइड यांच्या बोलून मनाचा तळ शोधण्याच्या पद्धतीची, संस्था काढली. पण आठवड्यातून चार-पाच बैठका, त्याही वर्षानुवर्षं, हे सामान्य माणसाला झेपणारं नव्हतं.

१९५२ मध्ये मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी थेट विचारलं : या उपचारांनी माणसं खरंच बरी होतात याचा पुरावा काय? त्याच दशकात अल्बर्ट एलिस, आणि साठच्या दशकात अ‍ॅरन बेक, भूतकाळ उकरण्यापेक्षा आजचे विचार तपासू लागले. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. आयझेंक यांना भक्कम उत्तर मिळालं ते १९७७ मध्ये. स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासले : उपचार घेतलेला सरासरी माणूस, न घेतलेल्या सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होता.

आज बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची, आठवड्यातून एकदा असते. नैराश्य किंवा चिंतेसाठी विचार-वर्तन पद्धतीच्या, म्हणजे आजचे विचार आणि वागणं तपासणाऱ्या उपचाराच्या, बहुधा १२ ते २० बैठका लागतात. पहिल्या एक-दोन माहिती घेण्यात आणि ध्येय ठरवण्यात जातात. पुढे घरी वही ठेवायची : काय घडलं, मनात काय आलं, भावना शंभरपैकी किती तीव्र, त्या विचाराच्या बाजूने आणि विरुद्ध पुरावा काय. ही वही कोरी राहिली की उपचार रेंगाळतात.

भीतीचं उदाहरण घ्या. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या गर्दीत छाती धडधडली की माणूस मागे फिरतो. लगेच बरं वाटतं, आणि त्यामुळेच भीती पक्की होते. थांबलो असतो तर काहीच झालं नसतं, हे कळायची संधी जाते. म्हणून पायऱ्या आखतात : आधी धरमपेठेतली शांत गल्ली, मग सकाळची बर्डी, शेवटी रविवारची संध्याकाळ. प्रत्येक पायरीवर आपण कल्पलेलं संकट खरंच येतं का, ते कळेपर्यंत थांबायचं. घाईने वरची पायरी घेतली तर लोक उपचारच सोडतात.

सल्ला मिळेल या अपेक्षेने येणारे दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत निराश होतात. सून बोलताना सासू किंवा नवरा शेजारी बसण्याचा हट्ट धरतो, तेव्हाही खरं ते बाहेर येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे मोजके अपवाद आहेत. पहिल्याच दिवशी त्याबद्दल विचारावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारावं. तीव्र नैराश्य, भास किंवा उन्माद असेल तर नुसतं बोलणं पुरत नाही. मनोविकारतज्ज्ञाची औषधंही लागतात.

नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये, त्याच घडीला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावं.