इनामगाव: चरातला दिवस इतका संथ का असतो

उत्खननाच्या चरात पहिल्यांदा आलेल्या माणसाला एक गोष्ट नक्की खटकते. दिवसभर इतकी माणसे राबतात आणि संध्याकाळी बघावे तर चर जेमतेम चार बोटे खाली गेलेला. सकाळी सुतळी ताणून कडा तासायच्या, मग खुरपी आणि लहान कुदळीने माती खरवडायची, घमेल्यातली माती चाळायची आणि प्रत्येक खापर थराचा क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीसह पिशवीत टाकायचे. हा संथपणा हौसेचा नाही. त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. महाराष्ट्रात त्याचे सगळ्यात मोठे फळ मिळाले ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला.

पूर्वी खोदकामात लक्ष असायचे ते वस्तूंवर. 1920 च्या दशकात मोहेंजोदडोला मोठाली उत्खनने झाली. तिथे एका ठरावीक बिंदूपासून खोली मोजत आणि वस्तू किती फुटांवर सापडली त्यावरून तिचा काळ लावत. पण वस्ती अशी सपाट साचत नाही. भिंत पडते, उतारावर राख टाकली जाते, कुणीतरी घराच्या जमिनीत धान्याचे पेव खणतो. त्या पेवात पडलेले खापर खूप जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसते. त्यामुळे पेवाचा काळ त्याच्या तळावरून ठरत नाही, ते कोणत्या थरातून खाली खणले गेले त्यावरून ठरतो. चरातली सगळी काटेकोर शिस्त या एका गोष्टीतून निघाली आहे.

इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञ पिट-रिव्हर्स यांनी 1880 च्या दशकात ही शिस्त घालून दिली, मॉर्टिमर व्हीलर यांनी ती पुढे नेली आणि 1944 मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आल्यावर तक्षशिलेच्या प्रशिक्षण वर्गात इथल्या तरुणांना शिकवली. जागेचे चौकोन पाडायचे आणि दोन चौकोनांमध्ये न खोदलेल्या मातीचा बांध ठेवायचा. याला बॉल्क म्हणतात. बॉल्कच्या उभ्या कापावर थरांच्या रेषा दिसतात. माती सुकून रंग फिके पडले की पाणी शिंपडून त्या पुन्हा उठवतात, खुरपीच्या टोकाने आखतात आणि मग आलेख कागदावर उतरवतात. बॉल्कवर चढून ती ढासळवणाऱ्याला चरात कुणी क्षमा करत नाही, आणि ते योग्यच आहे.

डॉ. ह. धी. सांकलिया यांनी लंडनला शिकत असताना व्हीलर यांच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम केले होते. 1939 मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि पुढे कोल्हापूर, जोर्वे, नेवासे अशी उत्खनने झाली. प्रवरेकाठच्या जोर्व्याला 1950-51 मध्ये खोदकाम झाले. तिथली तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी आणि लाल रंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी वापरणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला त्याच गावाचे नाव मिळाले. हे चर बहुधा उभे, खोल होते. कोण आधी, कोण नंतर, एवढे त्यांतून कळले. पण ही माणसे राहत कशी होती, हे अरुंद चरातून दिसणे शक्यच नव्हते. त्यासाठी एकाच काळाची जमीन आडवी, विस्तीर्ण उघडायला हवी होती.

1968 ते 1983 या काळात इनामगावला नेमके तेच झाले. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली हंगामामागून हंगाम पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, ते टेकाड सोलले गेले. इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली शंभराहून जास्त घरे तिथे उघडी झाली. घर म्हणजे तरी काय, तर चोपलेली जमीन, चूल, रांजण ठेवण्याचे दगड आणि कुडाच्या खांबांची भोके. खांब कुजून गेलेला असतो. उरतो तो मऊ, गडद मातीचा एक गोल ठिपका. कुदळीचा एक जास्तीचा घाव बसला की तो गेला, आणि त्याबरोबर भिंत कुठून कुठे जात होती हेही गेले. माझ्या मते इनामगावचे खरे धन हे ठिपके आहेत. तिथल्या कोणत्याही तांब्याच्या वस्तूपेक्षा मी त्यांना वर ठेवीन.

जमिनीखालच्या दफनांनाही हेच लागू होते. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांत त्याला घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना उताणे निजवून पुरले आहे, आणि त्यांचे पाय घोट्यावर तोडलेले आहेत. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला मिळाला, त्याची पावले शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असे उत्खननकर्त्यांनी मानले. एकावर एक सारवलेल्या जमिनींपैकी नेमकी कोणती फोडून खड्डा घेतला, हे चरात ओळखता आले म्हणूनच त्या मुलांना त्यांचे घर आणि त्यांची पिढी परत मिळाली.

थर असे वेगळे ठेवल्यामुळेच शेवटच्या काळातली पडझडही वाचता आली. इ.स.पू. 1000 च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरे संपतात आणि लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांचा घाटही ओबडधोबड होतो. पाऊसमान घटले आणि शेतीवर पोट भरेना, असे ढवळीकरांचे म्हणणे होते. कारणाबद्दल वाद घालता येतो, झोपड्यांबद्दल नाही.

शेवटच्या हंगामानंतर पाच वर्षांनी, 1988 मध्ये, इनामगावचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध झाला. खोदलेला थर पुन्हा खोदता येत नाही, त्यामुळे त्या टेकाडाच्या उघडलेल्या भागाबद्दल आज काही तपासायचे तर हा अहवाल, चरातल्या वह्या आणि चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या यांच्याकडेच जावे लागते.