टर्बो गेला, की टायमिंग चुकलं?

ऐंशीच्या दशकातली साब ९०० टर्बो ही स्वीडिश गाडी कधीकधी गूढपणे मरगळते. आयडलिंग झकास, धूर नाही, खडखडाट नाही, पण पिकअप गेलेला. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. डॅशबोर्डवर त्याच्या दाबाचा गेज असतो. त्यावर आकडे नसतात, नुसत्या रंगांच्या पट्ट्या. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, काटा वर चढून टिकतच नाही. मग निदान ठरलेलं: टर्बो गेला. वास्तविक टर्बो ठणठणीत असू शकतो, आणि दोष डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग, चार-पाच अंश जास्त फिरल्याचा.

पिस्टन वर पोहोचल्यावर ठिणगी पडून भागत नाही, कारण मिश्रणाला जळायला वेळ लागतो. सिलिंडरमधला दाब पिस्टन माथ्यावरून १०-१५ अंश खाली उतरलेला असताना शिगेला पोहोचावा, म्हणजे क्रँकला, पिस्टनच्या ढकलण्याने फिरणाऱ्या दांड्याला, चांगला रेटा मिळतो. त्यासाठी ठिणगी आधीच टाकावी लागते. मिनिटाला २००० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला १२,००० अंश फिरतो, म्हणजे २० अंश सरायला जेमतेम १.७ मिलिसेकंद लागतात. वेग वाढला की हा अवधी आणखी आटतो, म्हणून डिस्ट्रिब्यूटरमधली फिरती वजनं बाहेर फेकली जाऊन ठिणगी आणखी आधी पाडतात. शिवाय इनटेकमधली पोकळी रबरी नळीतून एक पडदा ओढते. अ‍ॅक्सिलरेटर कमी दाबलेला असताना सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं. अशा वेळी हा पडदा टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी आणखी आधी पाडतो.

पद्मिनीच्या जमान्यातले आपले मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवून कानावर टायमिंग लावत. साध्या इंजिनला ते बऱ्यापैकी चालून जायचं. टर्बोला चालत नाही, आणि यात कानाचा काही दोष नाही. आयडलवर ठिणगी जरा पुढे घेतली की इंजिनचे फेरे वाढतात, आवाज गुळगुळीत होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बसलं. पण आयडलवर टर्बो दाब देतच नसतो. इनटेकमध्ये उलट पोकळी असते. टायमिंग खरं कसाला लागतं ते चढावर, पूर्ण दाबाखाली, आणि त्या वेळी मिस्त्री बॉनेटपाशी उभा नसतो.

दाबाखाली नेमकं काय बदलतं? टर्बोने वातावरणापेक्षा ०.७ बार जास्त दाब दिला, तर २० अंश सेल्सिअसची हवा कॉम्प्रेसरमधून ९० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. सुरुवातीच्या आठ व्हॉल्व्हच्या ९०० टर्बोत ती थंड करणारा इंटरकूलरही नव्हता. अशी गरम, दाट हवा पिस्टन पुन्हा दाबतो. त्यात ठिणगी लवकर पडली, तर ज्योत पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. ९० मिलिमीटर व्यासाच्या त्या सिलिंडरमधला वायू सेकंदाला सहा-सात हजार वेळा थरथरतो. हे लांबलं तर पिस्टनची कड झिजते, वितळते.

साबने ९९ टर्बो १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा नॉकिंग टाळण्याचा उपाय सरळ होता: कॉम्प्रेशन कमी ठेवणं. साबचे इंजिनिअर पेर गिलब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याहून हुशार तोड काढली. १९८२ च्या मॉडेलपासून आलेल्या ‘एपीसी’ यंत्रणेत इंजिनच्या ब्लॉकवर नॉकिंग ऐकणारा सेन्सर बसवला. त्याला थरथर जाणवली की छोटा संगणक सोलेनॉइड व्हॉल्व्हमार्फत वेस्टगेट उघडू देतो, टर्बाइनकडे जाणारा एक्झॉस्ट दुसरीकडून वळतो आणि दाब उतरतो. हलकं पेट्रोल भरलं तरी इंजिन वाचतं, फक्त ताकद घटते. माझ्या मते त्या काळातली ही फार सुंदर कल्पना आहे. पण तिच्यात एक मेख आहे. एपीसी ठिणगीला हात लावत नाही, ती फक्त दाब कमी करते. त्यामुळे डिस्ट्रिब्यूटर चुकीचा लावला, तर नॉकिंग कानावर यायच्या आत ती दाब काढून घेते. चूक ऐकू येतच नाही, दिसते ती फक्त मरगळ. आणि बिचाऱ्या टर्बोवर आळ येतो.

म्हणून इथे स्ट्रोब लाइटच हवा, म्हणजे प्रत्येक ठिणगीसरशी लुकलुकणारा दिवा. इंजिन पूर्ण गरम करायचं, डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. नाहीतर पडद्याने वाढवलेले अंश मोजणीत मिसळतात. आठ व्हॉल्व्हच्या इंजिनला साधारण २००० फेऱ्यांवर २० अंश हा आकडा दिलेला असतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरावा. फ्लायव्हीलवरची खूण प्रकाशात थिजल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ती जुळवायची, बोल्ट आवळायचा आणि पुन्हा पाहायची, कारण आवळताना तो हमखास सरकतो.

आयडल त्यानंतर. आधी लावला तर टायमिंग हलताच तो बिघडणार. थ्रॉटलच्या झडपेला वळसा घालून जाणारी हवा एका स्क्रूने कमी-जास्त करून फेरे ८५० ते ९०० च्या दरम्यान आणतात. स्क्रूला दादच मिळत नसेल तर त्याला पिळत बसू नये, रबरी नळ्या तपासाव्यात. इंजिनात शिरणारी हवा थ्रॉटलच्या अलीकडेच मोजली जाते. थ्रॉटलच्या पलीकडे इनटेकला एखादी चीर असेल, तर आयडलवर ती न मोजलेली हवा आत ओढते आणि मिश्रण विरळ होतं. तीच चीर टर्बोचा दाब चढल्यावर मोजलेली हवा बाहेर सोडते. पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडतं, म्हणून मिश्रण दाट होऊन काळा धूर येतो.

नॉकिंगच्या धास्तीने टायमिंग मुद्दाम मागे ठेवणारेही असतात. त्याची किंमत वेगळी. जाळ उशिरा संपतो, त्यातली उष्णता पिस्टनला न ढकलता एक्झॉस्टमध्ये जाते, मॅनिफोल्ड आणि टर्बाइन वाजवीपेक्षा तापतात, पेट्रोलही जास्त जातं.

सगळं लावून झालं की मोकळा, लांब चढ गाठून तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा, आणि गेजकडे शेजारी बसलेल्याने पाहावं. काटा चढून स्थिर राहिला तर टायमिंग बसलं. चढून पुन्हापुन्हा मागे येत असेल, तर एपीसीला अजून काहीतरी ऐकू येतंय: एक तर ठिणगी अजून पुढे आहे, नाहीतर टाकीतलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं आहे.