रडर नेमका कुठल्या स्टिकवर? आरसी विमानातल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

आरसी विमान म्हणजे रेडिओवर चालणारं छोटं विमान, हातातल्या डब्यावरच्या दोन स्टिकने, म्हणजे दोन अंगठ्यांनी उडवायचं, आणि वळायचं ते कुठल्या अंगठ्याने इथेच लोकांचा घोळ होतो. रडर म्हणजे शेपटीच्या उभ्या भागाचा डावी-उजवीकडे फिरणारा तुकडा. मराठीत त्याला सुकाणू म्हणतात आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो. सुकाणू म्हटलं की होडी डोळ्यासमोर येते, सुकाणू फिरवलं की होडी वळली. होडीपुरतं ते बरोबरच आहे, कारण नाक वळलं की तिची पाण्याखालची बाजू पाणी रेटते आणि तेच पाणी तिला नव्या दिशेला ढकलतं. विमानाच्या धडाला हवेत असा भक्कम आधार मिळत नाही. नुसता रडर दिला आणि पंख सपाट ठेवले तर विमान नाक एकीकडे करून जवळपास जुन्याच वाटेने तिरकं घसरत राहतं. खरं वळण पंख कलल्यावर मिळतं, रडरचं काम नाक समोरून येणाऱ्या हवेच्या रेषेत ठेवायचं. हे वाचून सगळ्यांना माहीत असतं, पण अंगठ्याला माहीत नसतं, आणि ते का नसतं याला इतिहास आहे.

फार मागे जायची गरज नाही. रेडिओवर चालवून लोकांना दाखवलेली पहिली गाजलेली वस्तू बोटच होती, १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये. मोठ्या विमानांच्या बाजूला राइट बंधूंच्या १९०२ च्या प्रसिद्ध ग्लायडरमध्ये, कलण्यासाठी पंख पिळायच्या दोऱ्यांनाच मागचा रडर जोडून टाकला होता, कारण पंख पिळला की नाक उलट्या बाजूला ओढलं जायचं, आज आपण ज्याला अ‍ॅडव्हर्स यॉ म्हणतो तेच. १९०५ पर्यंत ती जोडणी सोडवून रडरला वेगळा दांडा दिला गेला. म्हणजे जोडावं की वेगळं ठेवावं हा प्रश्न विमानाच्या जन्माइतकाच जुना आहे.

मॉडेलच्या जगात १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत रेडिओ कंट्रोलच्या स्पर्धा सुरू झाल्या, पण छंद म्हणून हे पसरलं ते सिंगल चॅनलमुळे, म्हणजे एकाच गोष्टीला हुकूम देणाऱ्या सेटमुळे, साधारण १९५० च्या दशकात. ट्रान्समीटर जमिनीवर ठेवलेला, त्यातून वायर आलेली आणि टोकाला एकच बटण. विमानात एक एस्केपमेंट, म्हणजे टप्प्याटप्प्याने सरकणारी कळ, घड्याळात असते तसलीच, तिला ताकद पीळ दिलेल्या रबराची. बटण दाबून धरलं की रडर पूर्ण उजवीकडे, सोडलं की मधे, परत दाबलं की डावीकडे. अर्धा वगैरे काही नाही, आणि मागची खेप कुठली होती ते डोक्यात ठेवायचं. लागोपाठ दोनदा उजवीकडे जायचं असेल तर मधे डावीकडची एक झटपट टिचकी देऊन पुढे जायचं. रबराचा पीळ संपला की कंट्रोल संपला.

आता एवढ्या एका रडरवर ती विमानं वळायची कशी? डायहेड्रलवर. पंख दोन्ही बाजूंनी चांगलेच वर उचललेले असायचे. रडर दिला की नाक वळायचं, विमान तिरकं व्हायचं, पुढे आलेल्या पंखाला हवा जास्त कोनातून लागायची, तो उचलला जायचा आणि विमान कलायचं. थोडक्यात रडरने कल मिळवायचा आणि कलाने वळण. रडर धरून ठेवला तर विमान गिरक्या घेत खाली यायचं, वेग वाढायचा, आणि बटण सोडलं की त्या वेगावर नाक वर जाऊन कसलेल्या हाताला लूपसुद्धा (उभा गोल फेरा) मिळायचा, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर नसताना! या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सवय तिथेच लागली, वळायचं म्हणजे रडर.

पुढची वीस वर्षं पटकन सांगतो. रीडचे सेट आले, प्रत्येक हालचालीला वेगळा टोन आणि वेगळा स्विच, त्यात एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे भाग), एलिव्हेटर, इंजिन सगळं मिळालं पण सर्व्हो (हे भाग हलवणारी छोटी मोटर) एक तर पूर्ण जायचा नाही तर मधे, म्हणून बोटाने टक टक करत उडवायचं. मधल्या काळात गॅलोपिंग घोस्ट नावाचा प्रकार होता, त्यात रडर सतत फडफडत असायचा आणि त्या फडफडीचा तोल बदलून विमान वळायचं. १९६० च्या दशकात प्रपोर्शनल सेट आले, स्टिक जेवढी हलवाल तेवढाच सर्व्हो हलणार, आणि दोन स्टिकचा डबा ठरून गेला. मोड १ असो की मोड २ (स्टिकच्या वाटणीच्या दोन पद्धती), एलेरॉन उजव्या स्टिकवर आडवा आणि रडर डाव्या स्टिकवर आडवा. दोन्ही मोडमध्ये फक्त थ्रॉटल (इंजिनची ताकद) आणि एलिव्हेटर जागा बदलतात.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. घोळ झाला तो शिकाऊ विमानात.

शिकायचं विमान म्हणजे थ्री चॅनल, रडर, एलिव्हेटर, थ्रॉटल, पंख वर उचललेले, एलेरॉन नाहीत. सेट मात्र चार चॅनलचा, कारण पुढे तोच वापरायचा. मग रडरचा सर्व्हो रिसीव्हरच्या कुठल्या खाचेत लावायचा? नावाप्रमाणे रडरच्या खाचेत लावला तर वळण डाव्या अंगठ्यावर येतं. पण बहुतेकांनी तो एलेरॉनच्या खाचेत लावायला सांगितला, म्हणजे वळण उजव्या अंगठ्यावर. यामागचं कारण खोटं नव्हतं. पंख पडला की सरळ करायची प्रतिक्रिया उजव्या हातात बसली पाहिजे, कारण उद्या एलेरॉन तिथेच असणार आहेत, आणि पंख पडल्यावर विचार करायला वेळ नसतो. शिकवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर पहिल्या महिन्यात विमान वाचवायचं असेल तर हाच मार्ग सोपा. मीही असाच शिकलो.

पण त्याची किंमत डाव्या अंगठ्याने मोजली. शिकणारा महिनोन्‌महिने डावी स्टिक फक्त वर खाली करतो, ती आडवी हलते हेच विसरतो. जमिनीवर चाकही रडरलाच जोडलेलं, त्यामुळे टॅक्सीसुद्धा, म्हणजे जमिनीवर चालवणं, उजव्या हाताने. मग येतं पहिलं चार चॅनलचं विमान आणि पहिला टेकऑफ. थ्रॉटल दिला, प्रॉपेलरच्या ओढीने विमान डावीकडे जायला लागलं, उजवा अंगठा सवयीने उजवीकडे गेला. चाक जागचं हललं नाही, रडर हलला नाही, फक्त उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली. खाली गेलेल्या डाव्या एलेरॉनने डाव्या पंखाला उलट जास्त मागे ओढलं, म्हणजे जी चूक सुधारायची होती ती वाढली, आणि विमान पट्टी सोडून गवतात. हे मी इतक्या जणांचं बघितलंय की याला शिकणाऱ्याची चूक म्हणायला मी तयार नाही, चूक आपण त्याला लावलेल्या सवयीची आहे.

त्यात शब्दाने भर घातली. थ्री चॅनल म्हणजे एकेकाळी रडरवालं विमान एवढं पक्कं होतं. २००० नंतर लिथियम पॉलिमर बॅटरी, ब्रशलेस मोटर आणि फोम आला आणि बरीच छोटी विमानं एलेरॉन, एलिव्हेटर, मोटर अशी निघाली, रडर नुसता चितारलेला. तेही थ्री चॅनलच. डेल्टासारख्या फ्लाइंग विंगमध्ये तर शेपूटच नाही. त्यामुळे आज कोणी "मी थ्री चॅनलवर शिकलो" म्हणालं तर आधी विचारावं लागतं, कुठल्या तीन? एकाने रडर उजव्या हाताने वापरलाय, दुसऱ्याने रडर कधी हलवलाच नाही, आणि दोघांचाही डावा अंगठा झोपलेला.

त्याला जागं केलं एरोबॅटिक्सवाल्यांनी. पॅटर्न, म्हणजे ठरलेल्या कसरती, उडवणारे आधीपासून रडर जाणून होते, नाइफ एजमध्ये विमान आडवं असतं तेव्हा धडच पंख होतं आणि रडर एलिव्हेटरचं काम करतो, स्टॉल टर्न (उभं चढून वेग संपला की नाक फिरवून खाली येणं) तर रडरशिवाय होतच नाही. पण १९९० च्या दशकात थ्रीडी उडवणं सुरू झालं आणि रडर दाराएवढे झाले, ४५ अंशांपर्यंत फिरणारे, कारण विमान प्रॉपवर लटकत असताना पुढे वेग नसतो, प्रॉपची हवा रडरवर पडते तेवढाच आधार. तिथे डावा अंगठा क्षणभरही थांबू शकत नाही. गंमत म्हणजे एफपीव्ही क्वाडवरून (कॅमेऱ्यातून बघत उडवायचा चार पंख्यांचा ड्रोन) विमानाकडे येणाऱ्या पोरांचाही हा अंगठा तयार असतो, कारण क्वाड वळवताना रोल (कलणं) आणि यॉ (नाक फिरवणं) दोन्ही एकत्र द्यावे लागतात.

जायरोबद्दल, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या सेन्सरबद्दल, एकच सांगतो. तो नाकाचा झटका दाबून टाकतो आणि विमान छान स्थिर दिसतं, पण त्याला फक्त फिरण्याचा वेग कळतो, नाक हवेच्या रेषेत आहे का ते कळत नाही.

राहिला मिक्सचा प्रश्न, म्हणजे एकाच स्टिकने दोन भाग एकदम हलवायचे, १९०२ ची जोडणी परत आली. कॉम्प्युटर रेडिओत एलेरॉनला रडर मिक्स करता येतो, लांब पंखाच्या आणि कब (पायपर कब या जुन्या हलक्या विमानाच्या) जातीच्या विमानांना त्याचा खरंच फायदा होतो. थ्री चॅनलवर शिकवताना मी आता रडर त्याच्या स्वतःच्या खाचेत लावतो आणि उजव्या स्टिकवरून रडरला पूर्ण मिक्स देतो. रडर दोन्ही स्टिकवरून हलतो, हवेत उजवा अंगठा, जमिनीवर डावा, टेकऑफची धाव पहिल्या दिवसापासून डाव्याच हाताने. चार चॅनलवर गेल्यावर मिक्स थोडं ठेवायचं आणि हळूहळू कमी करायचं. फक्त ते एका स्विचवर घ्या आणि बाजूच्या वाऱ्यात उतरताना बंद करा, कारण तिथे वाऱ्याकडचा पंख एलेरॉनने खाली धरायचा असतो आणि रडर बरोबर उलट्या बाजूला द्यायचा असतो, जोडलेल्या रडरला ते जमत नाही.